पडणाऱ्यांची नावं

हा लेख लिहायचं कबूल करताना मी संपादकांना एकच अट घातली. लेखाबरोबर माझं नाव छापायचं. ते हसले. "अहो, नाव छापणारच की!" म्हणाले. त्यांना हसू येणारच. त्यांचं नाव दर दिवाळीला अंकाच्या पहिल्या पानावर असतं. मी सगळं आयुष्य बेंगळुरूच्या सिनेमाधंद्यात घालवलं आणि माझं नाव एकाही पडद्यावर आलं नाही. करारात ते मी दरवेळी भांडून घालून घेत असे. 'तारखा आणि व्यवहार: शंकर' एवढी एकच ओळ. सिनेमा लागला की पहिल्या खेळाला बसून मी नावं वाचायचो. चहा पुरवणाऱ्याचं नाव असायचं, जनरेटरवाल्याचं असायचं, मुहूर्ताच्या पूजेला आलेल्या भटजींचे आभार असायचे. माझं नाव नसायचं. विचारलं तर उत्तर ठरलेलं. "अय्यो शंकरप्पा, राहून गेलं बघा!"

ते कसं राहून जात होतं, हे मला अगदी अलीकडे कळलं.

माझं काम एकाच माणसाचं होतं. त्यांना सगळं कर्नाटक ओळखतं, म्हणून नाव लिहीत नाही. आम्ही अण्णा म्हणतो. मारामारीचे हिरो. एकेकाळी त्यांचा सिनेमा लागला की गावातल्या सायकल स्टँडला जागा मिळायची नाही. त्यांच्या तारखा सांभाळणं आणि निर्मात्यांशी घासाघीस करणं हा माझा धंदा. मी निपाणीकडचा. हातात काही नसताना इथं आलो, गांधीनगरात सिनेमावाल्यांच्या कचेऱ्यांतून निरोप पोचवत धंदा शिकलो. दोन भाषांत भांडता येतं, हे माझं भांडवल. अण्णांशी माझं बोलणं कन्नडमधून होतं, इथं ते मराठीत लिहितोय.

बाहेरच्या लोकांना वाटतं, नट आपल्या मनाने भूमिका निवडतो. तसं नसतं. एका दावणगेरेच्या थिएटरमालकाला मध्यंतराच्या आधी फाईट हवी असते. तो ते वितरकाला सांगतो, वितरक निर्मात्याला सांगतो, निर्माता दिग्दर्शकाला. हे सगळे एकमेकांच्या लग्नाकार्याला जाणारे लोक, त्यामुळे कुणाला नाही म्हणता येत नाही. अण्णांना एकदा गरीब शाळामास्तराचं काम मनापासून करायचं होतं. गोष्ट तयार होती, चांगली होती. पण या वाटेनं फिरून येईपर्यंत तो मास्तर कवायत शिकवणारा झाला आणि त्यानं शाळेच्या मैदानात गुंडांना लोळवलं. सिनेमा चालला. मास्तर राहून गेला.

माझ्या रागाबद्दल गांधीनगरात बरंच बोललं जातं. त्यातला चपलांचा किस्सा खरा आहे. टिपटूरचे एक खोबऱ्याचे व्यापारी सिनेमा काढत होते. लॉजच्या खोलीत बसून आमची बोलणी चालली होती. अण्णांना वेगळी गाडी, सुरुवातीला एकट्यांचं नाव, आणि माझी ती एक ओळ, एवढं माझं मागणं. ते शांतपणे म्हणाले, "शंकरप्पा, नट तुमचा आहे, नारळ माझे आहेत. नारळ थांबतात. नट म्हातारा होतो."

मी ताडकन उठलो, दाणदाण जिना उतरलो आणि मॅजेस्टिकच्या बसस्टँडपर्यंत आल्यावर लक्षात आलं की चपला वर खोलीच्या दाराशी राहिल्या. परत गेलो तर सौदा गेला. तसाच अनवाणी बसमध्ये चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ड्रायव्हर कागदात गुंडाळलेल्या चपला घेऊन दारात हजर. "साहेबांनी सगळं सरी म्हटलंय." सरी म्हणजे कबूल. माझ्या रागाचा हा विजय मी पुढे कितीतरी वर्षं सांगत फिरलो. त्या सिनेमातही माझं नाव राहून गेलं, हे मात्र सांगत नव्हतो.

आता ठोशाबद्दल सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पडद्यावर हिरो ठोसा मारतो तेव्हा हात समोरच्याच्या गालापासून वीतभर लांब थांबतो. पुढचं सगळं काम समोरच्याचं. त्यानं मान कधी वळवायची, पाय कधी सोडायचे, टेबल मोडताना पाठ कुठं टेकवायची, यावर ठोसा केवढा दिसणार ते ठरतं. धंद्यात या लोकांना फायटर म्हणतात. मी पडणारे म्हणतो. लढायचं काम त्यांना कुणी देत नाही.

अण्णांच्या पडणाऱ्यांचा म्होरक्या मुनियप्पा. अंगानं कपाटाएवढा आणि बोलायला लग्नातल्या मामासारखा गोड. मध्यंतरापूर्वी तो अण्णांच्या हातून मरायचा आणि मध्यंतरानंतर मिशी लावून पुन्हा मार खायला यायचा. प्रेक्षक त्याला ओळखून शिट्ट्या घालायचे. एका उडीत अण्णांचा उजवा खांदा निखळला आणि त्यानंतर तो हात पूर्वीसारखा उठेना. बाहेर कुणाला पत्ता लागला नाही, तो मुनियप्पामुळे. अण्णांचा हात उठायच्या आधी त्यांची हनुवटी जराशी खाली जाते. ती खाली गेली की मुनियप्पा निघाला. हात अर्धा वर येईपर्यंत तो पिंपांच्या ढिगात पोचलेला असायचा. लोक म्हणायचे, काय ठोसा आहे!

पुढे पडणारेही म्हातारे झाले. केसांना कलप, पँटीच्या आत गुडघ्याला पट्टे. एकदा मी वैतागून म्हटलं, "अण्णा, हे गुंड आहेत की पेन्शनर? नवे घ्या."

"आणि मी कोण आहे, शंकरा?" अण्णा म्हणाले आणि शॉटला गेले.

मग दिवस बदलले. थिएटरांची लग्नाची कार्यालयं झाली. खोबऱ्याच्या व्यापाऱ्यांची मुलं जमिनींच्या व्यवहारात गेली. ज्या लोकांनी एकमेकांना धरून अण्णांचे सिनेमे उभे केले होते, ते एकेक करून हात सोडत गेले. अण्णांना बोलावणी यायची ती दागिन्यांच्या दुकानाची फीत कापायला. ते जायचे, हसून फोटो काढून द्यायचे आणि बनशंकरीच्या घरी येऊन दोन-दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत.

अशात कोरमंगलाच्या एका नव्या कंपनीकडून गोष्ट आली. कंपनीच्या वतीनं बोलणारी सायली पुण्याची. पाठीला सॅक, पायात बूट, आणि मला पहिल्या वाक्यातच "काका." मराठीतून घासाघीस करणं अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. कन्नडमध्ये मी आवाज चढवला की समोरचाही चढवतो, मग रंग येतो. ही नुसती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "काका, पाणी घ्या ना."

गोष्टीत अण्णा निवृत्त लॉरी ड्रायव्हर होते. मुलीसाठी जुन्या वैऱ्यांशी भांडतात आणि शेवटी एका तरुणाच्या एकाच ठोशानं खाली पडतात. मग उठतात आणि घरी जातात. अण्णांनी वाचून मला बोलावलं.

"शंकरा, यात मी पडतो."

"वाचलंय मी. ते काढायला लावतो."

"काढायचं नाही. फार वर्षांनी मला कुणीतरी खरं काम दिलंय." मग म्हणाले, "आणि मुनियप्पा?"

तिथंच घोडं अडलं होतं. कंपनीचा फाईट मास्टर स्वतःचा, त्याची पोरं स्वतःची. शिवाय मुनियप्पासारख्या वयाच्या माणसाला पडायच्या कामावर विमा मिळत नाही आणि विम्याशिवाय कंपनी कुणाला सेटवर पाऊल ठेवू देत नाही. मी ओरडलो, टेबलावर हात आपटला, पाणी प्यालो. सायली जागची हलली नाही. मी अण्णांना म्हटलं, आधी सही करा, मुनियप्पाचं मागाहून बघू. त्यांनी नाखुशीनं सही केली.

पहिल्या फाईटचं शूटिंग आनेकलजवळ एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये. नवी पोरं चपळ, व्यायामशाळेत घडवलेली, अण्णांच्या पाया पडली. शॉट सुरू झाला. अण्णांची हनुवटी खाली गेली, हात निघाला, नेहमीसारखा वीतभर अलीकडे थांबला. पोरगा उभाच. तो ठोशाची वाट बघत होता. मग त्यानं अगदी नम्रपणे सांगितलं, "सर, तुम्ही मारा, मी घेतो."

पुन्हा केलं. पुन्हा तो उभा. वाईट हे की त्याची चूक नव्हती. तो हाताकडे बघत होता, आणि हात आता तेवढा येत नव्हता. फाईट मास्टर म्हणाला, तोवर शेवटचं पडणं करून बघू. अण्णांनी आयुष्यात माणसं पाडली होती, स्वतः पडले नव्हते. त्यांनी आधी हात टेकला, मग गुडघा, मग ते हळूच आडवे झाले, जसं घर बदलताना चौघं मिळून फ्रीज खाली ठेवतात. कुणीतरी फिस्कन हसलं. अण्णा उठले, अंगावरची धूळ झटकली आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत कंपनीत बोलणं सुरू झालं होतं की दुसरा, जरा तरुण नट बघावा. हे काम गेलं असतं तर पुढे फक्त फिती होत्या. ते अण्णांना माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मी कोरमंगलाला गेलो. बाह्या सरसावूनच गेलो. तोंड उघडणार तोच सायली म्हणाली, "काका, ओरडण्याआधी एक विचारू? सरांचा फोन आज येणार की उद्या?"

"कसला फोन?"

"तुमच्यानंतरचा."

मला काही उमगेना. तिनं सगळं सांगितलं. आम्हाला घेण्याआधी तिनं जुन्या निर्मात्यांकडे चौकशी केली होती, ते टिपटूरचे म्हातारे व्यापारीसुद्धा त्यात होते. सगळ्यांनी एकच सांगितलं. शंकरप्पा येईल, आरडाओरडा करेल, जाईल. त्याला जाऊ द्या. मग अण्णांचा फोन येईल. ते म्हणतील, माझा माणूस तापट आहे, मनावर घेऊ नका. त्याचं नाव काढून टाका हवं तर, मी त्याला समजावतो. फक्त माझ्या फाईटची माणसं तेवढी माझी ठेवा. आणि निर्माते आनंदानं हो म्हणतील.

"चपलासुद्धा?" माझ्या तोंडून निघालं.

"हो. सरच म्हणाले होते, चपला पाठवा, म्हणजे तो खूष होईल." सायली हसू आवरत होती. "काका, पाणी?"

मी पाणी न पिता बनशंकरीला गेलो. रिक्षात बसून भांडणाची तयारी केली. अण्णा व्हरांड्यात पेपर वाचत होते, शेजारी मुनियप्पा बसला होता, अक्का कॉफी घेऊन येत होत्या. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि माझ्या हातातली पिशवी घेता घेता अण्णांना म्हणाल्या, "कळलं वाटतं याला."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं!

"अण्णा, माझं नाव तुम्ही विकलंत?" मी ओरडलो.

अण्णांनी पेपरची घडी घातली. "बस आधी."

"बसत नाही! प्रत्येक सिनेमात विकलंत?"

"दोनतीन ठिकाणी गरज पडली नाही," अण्णा म्हणाले. "तिथं खरंच राहून गेलं असेल."

"हसता काय! मी वेड्यासारखा थिएटरात बसून नावं वाचत होतो."

"शंकरा, तुझ्या नावाला भाव फार होता. तू एवढा ओरडून यायचास की ते पुसायला मिळतंय म्हणून लोक काय वाटेल ते द्यायचे. त्या टिपटूरवाल्यानं तुझ्या नावाच्या बदल्यात मुनियप्पाच्या बरगड्यांचं सगळं औषधपाणी केलं. मुनियप्पाबरोबर पडणाऱ्या जोसेफला एका डोळ्यानं दिसेनासं झालं, तरी त्याला शेवटपर्यंत काम होतं ते कशावर?"

मुनियप्पानं मान खाली घातली होती. त्यालाही हे नवीन होतं, दिसत होतं. कितीही केलं तरी त्याच्यासमोर मला पुढे ओरडता येईना.

"मला सांगायचं होतं," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू असा ओरडला असतास?"

"सांगितलं असतं तर मी आधीच जास्त मागितलं असतं!" मी म्हणालो. "नावाच्या जोडीला फोटो मागितला असता. तुम्हाला परत द्यायला दोन वस्तू झाल्या असत्या."

मग अक्का हसायला लागल्या. माझा राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. पण कॉफी मी घेतली.

कॉफी पिताना आनेकलचा विषय निघाला. अण्णांनी आपण कसे पडलो ते सांगितलं. मुनियप्पा म्हणाला, "दाखवा बघू." अंगणात चटई टाकली. अण्णा परत फ्रीजसारखे खाली आले. मुनियप्पानं तोंडावर हात धरला.

"अण्णा, हात टेकायचा नाही. मनगट जाईल. हनुवटी छातीला लावा, खांदा गोल करा आणि जमिनीला जाऊ द्या. तुम्ही जमिनीला घाबरताय. ती कुठं जात नाही."

"तू तुझ्या आयुष्यात कितीदा पडलास?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही मारलं तेवढ्या वेळा."

तो त्यांच्या पाठीमागे हात धरून उभा राहिला आणि एवढ्या मोठ्या माणसाला लहान मुलाला पोहायला शिकवावं तसं शिकवू लागला. मी पायरीवर बसून बघत होतो आणि माझ्यातला व्यवहारी माणूस जागा झाला. विमा पडायला मिळत नव्हता. शिकवायला कुणाची हरकत होती?

मी परत कोरमंगला गाठलं. सायलीला म्हटलं, मुनियप्पा आणि त्याचे जोडीदार शिकवायला ठेव. ते अण्णांना पडायला शिकवतील आणि तुझ्या पोरांना हाताऐवजी हनुवटी बघायला शिकवतील. पडणार कुणीही म्हातारा नाही. आणि शिकवणाऱ्यांची नावं पडद्यावर, प्रत्येकाची.

तिनं फाईट मास्टरला फोन लावला, वकिलाला लावला. शेवटी म्हणाली, "मुनियप्पांना घेते. त्यांचं नावही देते. बाकीच्यांचं जमणार नाही, काका. वर माझे लोक म्हणतील एवढे शिक्षक कशाला."

"आणि माझं नाव?" सवयीनं मी आवाज चढवला.

"तुमचं ठरलंय. करारात आहे. यावेळी राहून जाणार नाही, माझा शब्द. सरांना फोनही करू देणार नाही."

तिच्या ऑफिसातून खाली उतरलो. रस्त्यावर मुलामुलींच्या स्कूटरी, खाण्याच्या गाड्यांभोवती गर्दी. जी ओळ मी आयुष्यभर मागितली, ती वर टेबलावर पक्की होऊन पडली होती. मी खिशात हात घालून बराच वेळ उभा राहिलो. मग अण्णांना फोन लावला.

"अण्णा, सायलीला फोन करा."

"कशाला?"

"तुमचा माणूस तापट आहे म्हणून सांगा. त्याचं नाव काढायला सांगा."

अण्णा म्हणाले, "शंकरा, ती तुझं नाव देतेय. तुझी अक्का म्हणते राहू दे यावेळी."

"अक्कांना सांगा, मुनियप्पा एकटाच आत गेलाय. जोसेफ आणि बाकीचे बाहेर आहेत. अण्णा, भाव आहे तोवर विका."

"सरी," अण्णा म्हणाले.

शेवटचं पडणं आनेकलच्या त्याच शेडमध्ये झालं. मुनियप्पा कॅमेऱ्याच्या मागे उभा होता, शेजारी अण्णांच्या फोननंतर आत आलेला जोसेफ, मान तिरकी करून चांगल्या डोळ्यानं बघत. त्या तरुण नटाचा हात आला. अण्णांची मान वळली, पाय सुटले, आणि ते सगळेच्या सगळे खाली गेले. अंगात काही राहिलं नाही अशा माणसासारखे. धूळ उडाली. मी पुढे धावलो. मुनियप्पानं मला दंडाला धरून थांबवलं. "उठतील. उठायचं आहे त्यांना." अण्णा सावकाश उठले, कुणाकडे न बघता शेडच्या दाराकडे चालत गेले, आणि जे पोरगं पहिल्या दिवशी उभं राहिलं होतं ते डोळे पुसत होतं.

"कसं?" अण्णांनी मुनियप्पाला विचारलं.

"स्वल्प उशीर झाला," मुनियप्पा म्हणाला. "पण खरं होतं."

सिनेमा लागला. मी सवयीप्रमाणे शेवटपर्यंत बसलो. 'अण्णांना पडायला शिकवणारे' म्हणून वेगळी पाटी आली. मुनियप्पाचं नाव, जोसेफचं, बाकीच्या साऱ्यांची. माझ्या पुढच्या रांगेत त्यांची नातवंडं बसली होती, ती खुर्चीवर उभी राहिली. मी पुढची नावंही वाचली, चहावाल्यापर्यंत. माझं नव्हतं. यावेळी ते कुठं गेलं होतं ते मला ठाऊक होतं.

तरी माझी तक्रार कायम आहे. अण्णांनी मला आधी सांगायला हवं होतं, आणि हे मी त्यांना भेटलो की दरवेळी ऐकवतो. आता या लेखाबद्दल. संपादकांनी नाव छापायचं कबूल केलंय, पण हा लेख लिहितोय हे मी अण्णांना सांगून बसलोय, आणि जोसेफची नात कुठं तरी छापखान्यात नोकरी शोधतेय. तेव्हा लेखाबरोबर माझं नाव दिसलं नाही, तर संपादकांना दोष देऊ नका. त्यांना एक फोन आला असेल.